निसर्गफेऱ्यांचं वर्षभराचं वेळापत्रक : कोणत्या महिन्यात काय ठेवावं?

रानवाट
सोसायटीतली आणि शेजारच्या वस्तीतली मिळून पंचवीसेक मुलं, वय ८ ते १४, सोबत पाच-सहा मोठी माणसं. महिन्याला एक निसर्गफेरी ठेवायचा बेत आहे. मुक्काम पुण्यात, त्यामुळे बहुतेक फेऱ्या तास-दीड तासाच्या अंतरात. वर्षातून दोनदा लांब जाता येईल.

कच्चा आराखडा असा: जूनमध्ये काजवे, जुलैत धबधबा, ऑगस्टमध्ये वृक्षारोपण, सप्टेंबरात कास, ऑक्टोबरात किल्ला, नोव्हेंबर ते जानेवारी पक्षी, फेब्रुवारीत आकाशदर्शन. मार्च, एप्रिल, मे सुट्टी, कारण ऊन.

यात काय चुकतंय ते सांगा. उन्हाळा खरंच रिकामा सोडावा का? आणि दर फेरीत मुलांच्या हाताला काम काय द्यावं? नाहीतर 'रांगेत चला, हात लावू नका, वडापाव खा, घरी जा' एवढंच होतं.

कट्टा_नंदू
पहिला! वडापाव रद्द करू नका, हजेरी निम्म्यावर येईल. बाकी जाणकार सांगतीलच.

बांधावरचा
उन्हाळा रिकामा सोडणं ही सगळ्यात मोठी चूक. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस, पांगारा एकही पान अंगावर न ठेवता फुलतात. पक्षी बघायला शिकवायचं तर याहून सोपी जागा नाही, पानांआड काही लपतच नाही. तळ्यावर जायची गरज नाही, फुललेली एक काटेसावर पुरे.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ. झाडापासून २०-२५ पावलांवर, सूर्य पाठीशी ठेवून बसायचं. झाडाचे मनानेच तीन मजले करायचे: वरचा, मधला, खालचा. पाच-पाच मुलांचा गट, दर दहा मिनिटांनी कोण कुठल्या मजल्यावर आलं त्याच्या रेघा मारायच्या. नाव येत नसेल तर 'काळा, दुभंगलेली शेपूट' एवढं लिहिलं तरी चालतं. तिसरा रकाना सगळ्यात मजेचा: मध प्यायला आला, किडे खायला आला, की दुसऱ्याला हाकलायला आला? कोतवाल, साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी, भोरड्यांचे थवे आणि खारी, सगळ्यांचे हिशेब वेगळे निघतात.

शेवटची वीस मिनिटं खाली पडलेल्या फुलांसाठी. झाडावरचं तोडायचं नाही. पाच जाड पाकळ्या, पुंकेसरांचे जुडगे, खाली कातड्यासारखा कप. तो कप बोटाने दाबून पाहिला की एवढे पक्षी का येतात ते सांगावं लागत नाही.

अंगणचिमणी
बांधावरचा +१. माझं म्हणणं आणखी एक पाऊल पुढे: आराखड्यातली निम्मी ठिकाणं गाळा. काजवे, कास, धबधबा ही सगळी 'तमाशा' ठिकाणं झाली. मूल एकदा जातं, 'वॉव' म्हणतं आणि विसरतं. ऋतू कळायचा असेल तर एकच झाड वर्षभर बघायला हवं.

गेटजवळची पाच झाडं निवडा, प्रत्येकाला नंबर, दर रविवारी दहा मिनिटं. रकाने: कोवळी पानं, जून पानं, पिकली पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं. प्रत्येकात फक्त तीन उत्तरं, 'नाही', 'थोडं', 'खूप'. सगळ्या फांद्यांच्या एक तृतीयांशाहून कमी ते थोडं, जास्त ते खूप. याहून बारीक मोजायला लावलं की मुलं महिन्याभरात कंटाळतात. देशभर हेच काम 'सीझनवॉच' नावाने चालतं, नोंदी तिकडेही देता येतात.

निवडताना एक चूक हमखास होते: पाचही झाडं सदाहरित निघतात. एखादा तरी पानगळीचा घ्या. बहावा, पांगारा, ताम्हण यांपैकी काहीही. पिंपळ घेतलात तर जागरूक राहा, त्याची पालवी आठवड्यात रंग बदलते, एक रविवार चुकला की चुकला.

मृगशीर्ष
मे महिन्यासाठी बाहेर कुठेही जायची गरज नाही, गच्ची पुरते. शून्य सावलीचा दिवस ठेवा. सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते) आपल्या अक्षांशाइतकी झाली की मध्यान्हीला तो बरोबर डोक्यावर येतो. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपल्याला हे वर्षातून दोनदा मिळतं. कोल्हापूर ६-७ मे, पुणे १३-१४ मे, मुंबई १५ मे, नाशिक २० मे, नागपूर २६ मेच्या आसपास. दुसरी खेप जुलै-ऑगस्टात येते, पण तेव्हा ढग. त्यामुळे मेचीच पकडा.

पुण्यात मध्यान्ह १२ वाजता नसते, साधारण १२:३१ ला असते. घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास, प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३५, त्यातून मेमध्ये सूर्य पुढे असतो ती चारेक मिनिटं वजा. हे गणित आठवीच्या मुलांकडूनच करून घ्या.

साहित्य: सपाट फळी, पांढरा कागद, उभट सरळ भिंतींची कुठलीही वस्तू (पाइपचा तुकडा सगळ्यात चांगला. नेहमीचा स्टीलचा पेला नको, त्याच्या भिंती तिरक्या असतात). फळीवर गोटी ठेवा. घरंगळली तर खाली घडी केलेला कागद सरकवून समपातळी करा. ही पायरी टाळली की 'आमची सावली गेलीच नाही' अशी तक्रार येते. १२:१५ पासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक पेन्सिलने टिपा. उन्हात उभं राहायचं ते टिपण्यापुरतंच, बाकी वेळ जिन्याच्या सावलीत. रविवार एक दिवस मागेपुढे आला तरी चालतं, कारण क्रांती दिवसाला पाव अंशानेच सरकते आणि सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचं असतं.

आता यातली खरी गंमत. एक मीटरची काठी उभी करून तिची मध्यान्हीची सावली वर्षभर दर महिन्याला मोजा. पुण्यात २२ डिसेंबरला मध्यान्हीची सावली साधारण ९० सेंमी, उत्तरेला. २१ मार्चला ३३-३४ सेंमी. मेच्या मध्याला शून्य. आणि २१ जूनला ढगांनी फट दिली तर साडेआठ सेंमी, चक्क दक्षिणेला. सूर्य उत्तरेकडून दिसतो हे पाहून मोठी माणसंही गोंधळतात.

कट्टा_नंदू
मृगशीर्षराव, ६ मे ते २६ मे म्हणजे सावली कोल्हापूरहून नागपूरला वीस दिवसांत पोचते. लाल डब्याने लवकर पोचेल.

कुरणवाला
ऑगस्टमधल्या वृक्षारोपणाबद्दल कुणीच बोलेना म्हणून विचारतो. झाडं लावणार कुठे? 'गावाबाहेरचा ओसाड माळ' असं उत्तर असेल तर कृपया लावू नका.

पुण्याच्या पूर्वेचा माळ ओसाड नाही, ते कुरण आहे. कमी पावसाचा, उथळ मातीचा, गवताचाच प्रदेश. चंडोल, धाविक, लावे, खोकड, लांडगा, चिंकारा ही सगळी मंडळी उघड्या गवताळ जमिनीवरची. तिथे ग्लिरिसिडिया आणि सुबाभळीच्या रांगा लावल्या की सावलीत गवत मरतं, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना चहूबाजूंची नजर मिळत नाही, शिकारी पक्ष्यांना मात्र बसायला फांद्या मिळतात. कागदोपत्री 'पडीक' लिहिलं म्हणून जमीन पडीक होत नाही.

त्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात माळच दाखवा. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठीच आहे. हाताला काम: सुतळीचा एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन, चार खुंट्या. आत गवताचे किती प्रकार (तुऱ्यावरून ओळखायचे, पात्यावरून नाही), किती किडे, किती लेंड्या, मोकळी माती किती. अभयारण्यात खुंट्या ठोकायच्या नाहीत, नुसती सुतळी पसरायची. एक चौकोन चरलेल्या भागात, एक न चरलेल्या भागात. आकडे शेजारी ठेवले की मुलं स्वतःच बोलायला लागतात.

तिठ्यावरची
@कुरणवाला, माळाचं मान्य. पण मुलांनी हाताने झाड लावणं यात काही आहेच की. तेही नको म्हटलं तर सगळं 'बघा पण करू नका' होऊन बसेल. निदान बीजगोळे?

कुरणवाला
बीजगोळे तर त्याहून नको. माती-शेणाचा गोळा उताराच्या खडकावर पडतो, वाळून विटेसारखा कडक होतो. पहिल्या पावसात भिजून बी रुजलं तरी मूळ गोळ्यातच फिरतं. मध्ये दहा दिवस उघडीप पडली की खेळ संपला. उरलेलं मुंग्या आणि खारी नेतात. शिवाय बी कुणाचं, हे विचारायचंच राहून जातं. गुलमोहर, सुबाभूळ, जे हाताला लागलं ते.

बांधावरचा
दोघांच्या मधला रस्ता आहे: रोपवाटिका. उन्हाळ्यात बी गोळा करायचं, पावसाळ्यापर्यंत रोपं वाढवायची, आणि शंभर नाही, पाचच झाडं लावायची. तीसुद्धा शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, जिथे पाणी घालणारं माणूस आहे तिथे. जून संपता संपता, दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. ऑगस्टपर्यंत थांबलात तर मुळं धरायला दोनच महिने मिळतात. खड्डा दीड बाय दीड बाय दीड फूट. पिशवी फाडल्यावर गोल फिरलेली मुळं मोकळी करा किंवा कापा, तशीच ठेवली तर झाड तीन-चार वर्षांनी वाऱ्यात कलंडतं. पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. पाच झाडांचं जमतं, पन्नासांचं जमत नाही, एवढंच त्यातलं गणित.

बियांचं सांगतो, कारण मुलांना इथे हाताला भरपूर काम आहे. बहाव्याच्या काळ्या शेंगा मार्च-एप्रिलमध्ये खाली पडतात. बी दगडासारखं टणक, पाणी आत शिरतच नाही. टोकाची बाजू सोडून कडेने पॉलिशपेपरवर घासायचं, आतला फिकट भाग जेमतेम दिसेपर्यंत. मग रात्रभर पाण्यात. सकाळी जे दुप्पट फुगलं ते पेरायचं, जे फुगलं नाही ते परत घासायचं. शेजारी दहा बिया न घासता पेरून ठेवा, फरक डोळ्यांनी दिसू दे. पेरायची खोली बियांच्या जाडीच्या दुप्पट.

जांभूळ आणि कडुलिंबाचं उलट. त्यांचं बी साठवायचं नसतंच, गर धुऊन आठवड्याभरात पेरायचं. वाळवून डब्यात ठेवलं की उगवण कोसळते. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंब आले तर दचकू नका, त्याचं तसंच असतं.

तिठ्यावरची
हे पटलं. 'पाचच झाडं' हे कमिटीला पटवणं तेवढं अवघड, त्यांना फोटोत रांग लागते.

पाणकावळा
पक्ष्यांचे तीन महिने ठेवलेत ते छान, पण एकाच साच्यात घालू नका. नोव्हेंबरचा पहिला भाग ५ ते १२ धरा. राज्यात हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या वाढदिवसांच्या मधला आठवडा. तेव्हा घराजवळचेच पक्षी करा. जानेवारीत पाणथळ. फेब्रुवारीत जगभर चार दिवसांची परसातली पक्षीगणना असते, पंधरा मिनिटांची एक यादीही चालते, लहानांना ते झेपतं.

रोहित (फ्लेमिंगो) बघायला भिगवणला डिसेंबरात धावू नका. उजनीचं पाणी उतरून काठाला उथळ चिखल उघडा पडला की ते येतात. पाऊस उशिरापर्यंत लांबलेल्या वर्षी धरण तुडुंब असतं आणि पक्षी पसरलेले किंवा उशिरा. धरणाची पातळी बघून तारीख ठरवा. नावाड्याला आधीच सांगायचं की थव्यावर नाव घालायची नाही. उडालेल्या थव्याचा फोटो छान येतो, पण त्यासाठी त्यांचं खाणं मोडतं.

दुर्बिणी: पंचवीस जणांत पाच पुरतात. मुलांसाठी ८×३० किंवा ८×३२. १०×५० घेऊ नका, जड असते आणि लहान हातात चित्र थरथरतं. देण्यापूर्वी तीन गोष्टी: पट्टा गळ्यात. दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या मुडपायच्या, दोन गोलांचा एक गोल दिसेपर्यंत (काही दुर्बिणी लहान मुलांच्या डोळ्यांइतक्या जवळ येतच नाहीत, आधी तपासा). मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं चित्र स्पष्ट करायचं, त्यानंतर डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवायची. ही शेवटची पायरी कुणीच शिकवत नाही आणि मग 'धूसर दिसतं' म्हणून दुर्बीण पिशवीत जाते. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, दुर्बिणीतून शोधायचं नाही. सूर्याकडे कधीच रोखायची नाही, हे दर वेळी सांगायचं.

आणि मोजणी घरी शिकवा. पांढऱ्या कागदावर मूठभर मोहरी पसरा, पाच सेकंद दाखवा, झाका, अंदाज लिहायला सांगा. मग दहाचा एक पुंजका नजरेने धरायचा आणि असे पुंजके किती बसतात ते मोजायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला अंदाज बरेच जवळ येतात. तळ्यावर पाचशे बदकं पाहून मग 'खूप' असं कुणी लिहीत नाही.

कट्टा_नंदू
मोहरी मोजून झाल्यावर फोडणीला वापरता येते. शून्य कचरा उपक्रम.

दिवटी
काजव्यांची तारीख दुरुस्त करा. जूनच्या मध्यावर पाऊस जोरात लागला की काजवे संपत आलेले असतात. मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा धरा. भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी या नेहमीच्या जागा. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर नरांचा लखलखाट असतो. माद्या बऱ्याचदा खाली, झुडपांत आणि गवतात. म्हणून पायवाट सोडायची नाही. रस्त्यावरून 'आणखी जवळ' जाणाऱ्यांच्या पायाखाली काय येतं ते त्यांना दिसत नाही.

उजेड हा मुख्य प्रश्न. काजवे उजेडानेच बोलतात, आपला उजेड म्हणजे त्यांच्या बोलण्यात लाऊडस्पीकर. गाडीचे दिवे पार्किंगलाच बंद. मोबाइल खिशात. टॉर्चला लाल जिलेटिन कागदाचे दोन थर, तोंड जमिनीकडे. अंगाला मच्छर-मलम थापून काजवा हातावर घ्यायचा नाही, खरं तर घ्यायचाच नाही. काम: एक झाड निवडून दहा सेकंदांत किती वेळा सगळं झाड एकदम लुकलुकतं ते मोजा, तीनदा. दहा मिनिटांनी परत. शेजारच्या झाडाशी ताल जुळतो का?

अंगणचिमणीताई तमाशा म्हणाल्या ते गर्दीच्या शनिवारी खरंच आहे. आठवड्याच्या मधली रात्र घ्या. आणि हे सांगायला विसरू नका की प्रौढ काजवा जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो, वर्षाचा बराच भाग तो अळी म्हणून पालापाचोळ्यात गोगलगायी खात असतो. पाला जाळला की पुढचे काजवे जळतात.

अंगणचिमणी
@दिवटी, शेवटचं वाक्य फेरीच्या सुरुवातीला सांगा, शेवटी नको. काजवे दिसल्यावर कुणी ऐकत नाही. :)

पाखरू_रातचं
जुलैतला धबधबा काढा आणि पतंगांचा पडदा लावा. फुलपाखरांचं कौतुक सगळे करतात (राज्य फुलपाखरू नीलवंत, २०१५ पासून), पतंगांकडे बघत कुणी नाही, प्रकार मात्र कितीतरी जास्त. जुलैच्या शेवटी जगभर पतंग सप्ताहही असतो.

साहित्य: पांढरी सुती चादर, साधारण सहा फूट बाय चार फूट. दोन खांबांना ताणून, खालची कड जमिनीवर फूटभर पसरलेली, कारण बरेच पतंग पडद्यावर न बसता पायथ्याशी उतरतात. पायथ्याशी कुणी चपला घालून फिरायचं नाही. दिवा चादरीपासून फूटभर. साध्या एलईडीवर फारसं काही येत नाही, त्यात अतिनील नसतंच म्हणा. १६० वॅटचा चोक न लागणारा मर्क्युरी दिवा किंवा अतिनील ट्यूब हवी. मर्क्युरी दिवा भयंकर तापतो, त्यावर पावसाचा थेंब पडला की काच फुटते. वर पत्र्याचं किंवा छत्रीचं छप्पर हवंच, आणि वायर जोडणी जमिनीपासून उंच, कोरडी. डोळे दिव्याकडे नाही, पडद्याकडे.

रात्र निवडताना अमावस्येच्या मागची-पुढची, दमट, वारा नसलेली, भुरभुर पावसाची. लख्ख चांदण्यात पडदा रिकामा राहतो आणि लोक दिव्याला शिव्या देतात. साडेसात ते साडेदहा. मुलांनी नावं शोधत बसू नये. पंख कसे मिटलेत (घरासारखे, सपाट, उभे), मिशा कंगव्यासारख्या की दोऱ्यासारख्या, आणि पट्टी शेजारी धरून पंखांची रुंदी. दिवा वेळेत बंद करा. रात्रभर ठेवला तर पहाटे बुलबुल आणि साळुंक्या पडद्यावरच नाश्ता करतात.

ढगोबा
धबधबा काढा याला जोरदार अनुमोदन. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाजाचा सूर बदलला, म्हणजे वर पाऊस झालाय आणि लोंढा येतोय. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. पंचवीस मुलं पाण्यातून बाहेर काढायला तेवढा वेळ मिळत नाही.

पावसाळ्यासाठी घरचं काम: पर्जन्यमापक. दोन लिटरची सरळ भिंतींची बाटली, निमुळती व्हायला लागते तिथे कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळं म्हणून बसवा. तळ खडबडीत असतो, त्यात खडे घालून सरळ भिंत सुरू होते तिथपर्यंत पाणी भरा. ती शून्य रेघ. तिथून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बादली वापरू नका. तोंड रुंद आणि तळ निमुळता, त्यामुळे आकडा फुगतो. भिंतीपासून किंवा झाडापासून त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठच असतो, म्हणजे आपला आकडा पेपरातल्या आकड्याशी ताडता येतो. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर. गच्चीचं क्षेत्रफळ मोजून टँकर किती वाहून गेले ते मुलांना काढू द्या.

किल्ला ऑक्टोबरात ठेवलाय तर दुपारी बाराच्या आत खाली उतरा. परतीच्या पावसाच्या विजा दुपारनंतरच्या. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की आसरा गाठायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. एकट्या झाडाखाली किंवा बुरुजावरच्या झेंड्याजवळ थांबायचं नाही, काचा बंद केलेली बस उत्तम. 'दामिनी' ॲप सोबतच्या दोघांच्या तरी फोनवर असू दे.

खडपेकर
दोन लांबच्या फेऱ्यांपैकी एक समुद्राची करा ना! सगळे डोंगरच चढताहेत. ओहोटीला उघडी पडणारी खडपं म्हणजे वर्षातलं सगळ्यात गजबजलेलं वर्गखोलीभर रान. समुद्रफुलं, कालवं, शंखात राहणारे खेकडे, तारामासे. नोव्हेंबर ते मार्च.

तारीख रविवार बघून नाही, तिथी बघून ठरते. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमाराला पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. मुंबई आणि उत्तर कोकणाला हा लागू पडतो, अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरायची आणि निघण्यापूर्वी छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडायचं.

आता हे तिथींत बसवा. अष्टमीला भांगाची भरती, पाणी फारसं ओसरतच नाही, खडपं अर्धी बुडालेली. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, पाणी खूप आत जातं. तृतीयेला भरती सव्वादोन, ओहोटी सकाळी साडेआठ. म्हणजे सव्वासातला उतरायचं, उतरत्या पाण्यामागे जायचं आणि पाणी वळताच मागे फिरायचं. उजेडही असतो, ऊनही नसतं. तृतीया पकडा.

पायात बंद बूट, चप्पल नाही, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या. दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा, ओली बाजू खालीच. शंकूच्या आकाराचे देखणे शंख जिवंत असतील तर अजिबात उचलायचे नाहीत, विषारी असतात. पोवळी आणि समुद्रकाकड्या कायद्याने संरक्षित. रिकामा शिंपलासुद्धा राहू द्या, शंखातल्या खेकड्याला घर लागतं.

कट्टा_नंदू
पंचांग बघून सहल काढणारे आपण पहिलेच. आजी खूश होणार.

सरडे_गुरुजी
कामाची पण नीरस गोष्ट मी सांगतो. पाच मुलांमागे एक मोठं माणूस. पुढचा आणि मागचा माणूस ठरलेला, मध्ये बदलायचा नाही. प्रत्येक मुलाला नंबर, थांब्यावर मुलांनीच क्रमाने ओरडायचे. डोकी मोजण्यापेक्षा हे खात्रीचं, कोण नाही ते लगेच कळतं.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं आणि चित्रं मुलांना माहीत हवीत, पण ओळख पटवण्यात वेळ घालवायचा नाही. दंश झाला तर अंगठी, कडं, पैंजण काढा, अवयव फळकुटाला बांधून हलू देऊ नका, चालवू नका, थेट प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात. चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळपट्टी नाही. निघण्यापूर्वीच जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं आणि तिथे लस आहे का हे फोन करून विचारा. रुग्णवाहिका १०८, वनविभाग १९२६.

किल्ल्यांच्या कड्यांवर पावसाळ्यानंतर आग्या मोहोळं असतात. अत्तर नको, धूर नको, दगड नको, कड्याखाली आरोळ्या नकोत. उठल्याच तर तोंड कापडाने झाकून पळायचं, हात झटकत उभं राहायचं नाही. काटा जितक्या लवकर निघेल तितका बरा, नखाने खरवडा किंवा कसाही काढा.

हिवाळ्यात खाजकुयली. तपकिरी केसाळ शेंगांना हात लागला तर चोळायचं नाही, चोळलं की केस आत जातात. चिकटपट्टी लावून उपटायची, दोन-तीनदा, मग साबण-पाणी. माझ्या यादीत चिकटपट्टी बँडेजच्या आधी येते. उन्हाळ्यात प्रत्येकी दोन लिटर पाणी. क्षारसंजीवनीची पाकिटं नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

मृगशीर्ष
आकाशदर्शन राहिलंच. फेब्रुवारी चालेल, संध्याकाळीच मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध डोक्यावर असतात, लहान मुलांना जागवावं लागत नाही. अमावस्येच्या जवळचा शनिवार घ्या. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि कुणी एकाने मोबाइल उघडला की ती सगळी पाण्यात. काम: कृत्तिकेत किती तारे दिसतात ते प्रत्येकाने न बोलता लिहायचं. गावाबाहेर सहा दिसायला हरकत नाही. तेच सोसायटीच्या गच्चीवर करा आणि दिव्यांनी किती तारे खाल्ले ते पाहा. उल्कावर्षाव हवा असेल तर १३-१४ डिसेंबर, मिथुन राशीतला. ऑगस्टमधल्याच्या नादी लागू नका, आपल्याकडे ढगच दिसतात.

बांधावरचा
अवांतर: कास म्हटल्यावर कुणीतरी कारवी विचारणारच. कारवी आठ वर्षांनी एकदम फुलते आणि प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं असू शकतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ आणि २०२४. म्हणजे तिथली पुढची २०३२. कासला जाणार असाल तर सप्टेंबर, ऑनलाइन नोंदणी, आठवड्याचा मधला दिवस. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा, एक पाऊल चुकलं की सीतेची आसवं आणि दवबिंदू ही दोन्ही इवली फुलझाडं गेली. जेवणाची पंगत पठारावर नको.

रानवाट
सगळ्यांचे आभार, आराखडा पार उलटा झाला. आता असं दिसतंय: मेअखेर आठवड्याच्या मधल्या रात्री काजवे (लांबची पहिली फेरी). जूनअखेर पाच झाडं, मागच्या उन्हाळ्यात केलेल्या रोपांची. या वर्षी रोपं नाहीत म्हणून शाळेच्या रोपवाटिकेतून घेऊ. जुलै पतंग-पडदा, पर्जन्यमापक पावसाळाभर. ऑगस्ट-सप्टेंबर माळ, कास या वर्षी रद्द. ऑक्टोबर किल्ला, बाराच्या आत खाली. नोव्हेंबर पक्षी सप्ताह, डिसेंबर उल्का, जानेवारी खडपं (लांबची दुसरी). फेब्रुवारी काटेसावर. मार्च-एप्रिल बिया. मे सावली. आणि दर रविवारी गेटजवळची पाच झाडं.

भिगवण कुठे बसवू कळेना. आणि सावलीची काठी वर्षभर गच्चीवर उभी ठेवायची म्हणजे ती कुणीतरी हलवणार.

पाणकावळा
भिगवण फेब्रुवारीच्या शेवटी, काटेसावरीच्या आधी किंवा नंतर. गाडी पहाटे चारला निघाली पाहिजे, सहाला निघणारी सहल तिथे नऊला पोचते आणि पक्ष्यांऐवजी मृगजळ बघते.

खडपेकर
जानेवारीची तारीख आत्ताच कॅलेंडरवर खुणावा. तृतीया रविवारी आली नाही तर द्वितीया किंवा चतुर्थी घ्या, पंचमीच्या पुढे जाऊ नका. बस रात्री निघाली तर पहाटे पोचते, मुलं झोपेतच येतात.

मृगशीर्ष
काठी उभी ठेवू नका. गच्चीवर तीन खिळे ठोकून फळीची जागा पक्की करा, काठी फक्त मोजायच्या दिवशी. काठीच्या बुडाला लाकडी ठोकळा आणि टोकाला दोऱ्याचा ओळंबा, म्हणजे दर महिन्याला ती सरळच उभी राहते. सावलीच्या टोकाच्या खुणा फळीवरच रंगाने करा आणि तारीख घाला. खडूने केलेल्या जूनच्या पावसात जातात.